वरवंटा आणि जावई

मिलिंद, रोल धुतला. आधी हेच सांगतो, कारण तू असतास तर दारातून आत येता येता हेच विचारलं असतंस. कसा धुतला आणि धुवायच्या आधी मी काय माती खाल्ली, ते पुढे येईलच. मध्ये बोलू नकोस. गप्प बसायची सवय तुला कधीच नव्हती, पण आता तुझा इलाज नाही, आणि मला एकदा तरी माझं म्हणणं शेवटपर्यंत मांडता येईल.

लोक घरावरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. आपण तीस वर्षं दोन कॅमेऱ्यांवरून भांडलो. दादरच्या स्टुडिओत आपण एकाच आठवड्यात नोकरीला लागलो, मी गिरगावचा, तू नायगावचा. स्टुडिओ बंद पडला तेव्हा दोघांनी मिळून लग्नाची कामं घ्यायला सुरुवात केली. एका लग्नाला दोन फोटोग्राफर, दोन कॅमेरे. तुझा रशियन. त्याला मी वरवंटा म्हणायचो, कारण तो तसाच जड होता आणि हातातून पडला तर फरशीची काळजी करावी लागायची, त्याची नाही. माझा जपानी. त्याचं नाव तू जावई ठेवलंस. ‘सेल उतरला की रुसतो. मान दिला, लाड केले, तरच काम करतो.’ हे तू गिऱ्हाइकासमोरसुद्धा म्हणायचास आणि मुलीच्या बापाला हसू आवरायचं नाही.

आमच्या गिरगावच्या खोलीत जेवायला बसलं तरी ताटाच्या दोन बाजूंना दोन कॅमेरे असायचे. माझी आई शेवटी कंटाळून म्हणायची, ‘मेल्यांनो, त्या डब्यांवरना किती भांडतास? जेवान थंड झाला.’ तू लगेच तिची बाजू घ्यायचास आणि माशाची जास्तीची तुकडी मिळवायचास. एवढा लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता तू ऐकत नाहीस म्हणून काही गोष्टी कबूल करायला हरकत नाही. तुझ्या वरवंट्यातून बघायला लागलं की संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. माझ्या जावयात लख्ख दिसायचं, मधोमध तो दुभंगलेला गोल, चेहऱ्याचे दोन तुकडे जुळले की फोकस झाला. लेन्स बदलायची तर माझी अर्ध्या वळणाच्या आत खटकन बसायची. तुझी बरणीच्या झाकणासारखी आटे फिरवत बसा. आणि तुझ्या लेन्सची ती दोन कडी! एक कडं फिरवून डोळा पूर्ण उघडायचा, म्हणजे फोकस करण्यापुरता उजेड दिसतो. मग फोटो काढायच्या आधी तो आठवणीने मिटायचा, नाहीतर नको तितका उजेड आत शिरतो आणि फोटो जळतो. उघड, मिट, दाब. वरळी कोळीवाड्यातल्या त्या हळदीत तुझं उघड-मिट होईपर्यंत बायका नाचत पुढच्या गल्लीत पोचायच्या. माझा जावई उजेड स्वतः मोजायचा, वेग स्वतः ठरवायचा, मी फक्त बटण दाबायचं. त्या दिवशी अल्बमातले सगळे नाच माझे होते, आणि तू आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीस.

पण परळच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांना, जावयाचा सेल उतरला. आरसा वर अडकला आणि माझ्या डोळ्यासमोर काळोख. जादा सेल मी दुसऱ्या बॅगेत, म्हणजे घरी, ठेवले होते. भटजी थांबणार नव्हते. तू शांतपणे म्हणालास, ‘सुध्या, टेन्शन नको घेऊस. तू फक्त लाइट धर.’ आणि वरवंट्याने, सेलबिल काही नसताना, सगळं लग्न एकट्याने काढलंस. तुझ्या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा तर केव्हाच मेला होता. तू हाताची पाठ उजेडात धरायचास, बोटांच्या सावलीची कड बघायचास आणि आकडा बोलायचास. मी किती वेळा तुझा आकडा माझ्या काट्यावर चोरून तपासला. तू क्वचितच चुकायचास, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक सांगितलं नाही. ते लालबागचं लग्न. पाठवणी झाल्यावर नवरीचा बाप रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या थप्पीशेजारी एकटाच बसून गार जिलबी खात होता, तो फोटो. अल्बम द्यायला गेलो तेव्हा त्या बापाने तो फोटो किती तरी वेळ बघितला आणि मला म्हणाला, ‘परबसाहेब, हा फोटो तुम्हीच काढलात ना? वाटलंच मला.’ मी हो म्हटलं नाही. पण ‘नाही’सुद्धा म्हटलं नाही. तू मागेच उभा होतास, स्टँडची घडी घालत. तू ऐकलंस, मला माहीत आहे. खाली उतरताना मला वाटलं आता बोलशील, तर तू वडापाव कुठे खायचा ते विचारलंस.

एरवी तू सोडायचा नाहीस. ‘तुझा कॅमेरा फोटो काढतो रे, तू नुसती त्याची हमाली करतोस.’ हे वाक्य तू हसत म्हणायचास आणि मी हसत ऐकायचो. मनात मात्र ते रुतून बसलं होतं. कारण तीस वर्षांत हजारो फोटो काढले, सगळे स्पष्ट, सगळे बरोबर, पण लोकांनी त्यासमोर थांबून राहावं असा एक फोटो मला माझा म्हणून दाखवता आला नसता. जो दाखवला असता तो तुझा निघाला असता.

मग मोबाईल आले, लग्नं दुसऱ्यांकडे गेली, आपण घरी बसलो. आणि गंमत म्हणजे घरी बसल्यावर तरुण पोरं-पोरी विचारायला यायला लागली, काका, फिल्म कशी घालतात? तू रविवारी सकाळी तुझ्या गॅलरीत त्यांना शिकवायचास. त्यातल्याच एका मुलीने विचारलं की दोन्हींत चांगला कुठला, आणि आपण दोघे एकदम सुरू झालो. तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘मग एकदा अदलाबदल करून बघा ना.’ इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी आली नव्हती.

रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेलो, सकाळच्या उन्हात. ब्लॅक अँड व्हाइटचा एकेक रोल. तू जावई घेतलास, मी वरवंटा. तू माझे फोटो काढलेस, मी तुझे, मध्ये मध्ये ओंडके आणि कापणारी माणसं. माझे हात साफ वेडे झाले. फोकसचं कडं मी ज्या बाजूला फिरवायचो त्याच्या बरोब्बर उलट ते फिरायचं. डोळा उघडायचो आणि मिटायला विसरायचो. तू ओंडक्यावर बसून बघत होतास आणि तुला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

पुढच्याच आठवड्यात तू तुझे फोटो माझ्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडलेस. सगळेच्या सगळे सही. ‘गुणाचा आहे रे तुझा जावई,’ तू म्हणालास. ‘पण खरं सांगू का, माझं तिथे कामच काय होतं ते मला कळलं नाही.’ आणि मग विचारलंस, ‘तुझा रोल?’ माझे सत्तावीस झाले होते, नऊ राहिले होते. मी म्हटलं, बघू. मग रोज फोन. ‘रोल संपव रे सुध्या.’ बघू. खरं कारण असं की मी घाबरलो होतो. निदान पहिले दहा फोटो जळाले असणार, पुढचेही कदाचित. म्हणजे तुझं हमालीचं बोलणं कागदावर सिद्ध झालं असतं. म्हणून मी वरवंटा कपाटात ठेवून दिला, आणि एका सकाळी तू गेलास.

ते सगळं लिहीत नाही. तुला माहीत आहे आणि मला नको आहे.

दोन दिवसांनी नायगावला गेलो तर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, रविवारी विहारात यांचा जलदान विधी आहे. समोर ठेवायला फोटो पाहिजे.’ त्यांनी घरातलं सगळं काढलं होतं. दुनियेचे फोटो काढलेस तू, स्वतः मात्र कॅमेरा दिसला की त्याच्या मागे जायचास. एक ओळखपत्रावरचा होता, त्यात तू नुकताच मार खाऊन आल्यासारखा दिसतोस. नातवाच्या मोबाईलमध्ये चार-पाच होते, गाल गुलाबी आणि कानांच्या जागी सशाचे कान. वहिनी म्हणाल्या, ‘असला लावला तर उठून भांडतील ते.’ मग हळूच म्हणाल्या, ‘माझ्या डोळ्यांसमोर आहेत हो, पण हातात काहीच नाही.’

मी सांगून बसलो की माझ्याकडे रोल आहे. त्यांनी विचारलं, ‘आलेत का चांगले?’ मी म्हटलं, ‘बघतो.’ त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता प्रश्न माझ्या अब्रूचा राहिला नव्हता. त्या रोलमध्ये तू होतास किंवा कुठेच नव्हतास.

नऊ फोटो बाकी. तसाच काढून घ्यायचा ना रोल? पण तूच शिकवलेलं, अर्धा रोल काढणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. म्हणून शुक्रवारी सकाळी कॅमेरा गळ्यात घालून परळवरून चालत लालबागला निघालो. हाताची पाठ उन्हात धरली. बोटांच्या सावलीची कड बघितली. आकडा बोललो, आणि तपासायला काटा नव्हता. उघड, मिट, दाब, असं तोंडाने पुटपुटत होतो, लोक बघत होते. तीन-चार फोटोंनंतर पुटपुटायचं थांबलं. हात आपोआप मिटायला लागला. आणि तेव्हा मला कळलं तू काय म्हणत होतास ते. जावई मला विचारत नाही. वरवंटा प्रत्येक फोटोला विचारतो, बोल, काय करू? आणि उत्तर द्यायचं तर समोर नीट बघावं लागतं. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय, हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होतो. मला इतकी मजा यायला लागली की मी कशासाठी निघालोय तेही क्षणभर विसरलो.

छत्तीस झाले. आणि इथे मी माती खाल्ली.

तू कायम सदतीस काढायचास. फिल्म घालताना दोन बोटं वाचवायचास आणि शेवटी एक जास्तीचा खेचायचास, आणि मी तुला हावरट म्हणायचो. त्या दिवशी मलाही सदतिसावा पाहिजे झाला. मिरच्यांचा ढीग समोर, ऊन तिरपं, मी फिल्म पुढे सरकवायची तरफ ओढली. जाईना. तू असतास तर तिथेच थांबला असतास. तुझ्या अंगठ्याला कळायचं. मी जोर लावला. आत टक् असा आवाज झाला. दाबलं, फोटो निघाला, पण नंतर रोल गुंडाळायला गेलो तर कडी हवेत फिरावी तशी फिरायला लागली. फिल्म डबीतून उखडली होती. म्हणजे छत्तीसच्या छत्तीस फोटो कॅमेऱ्याच्या पोटात उघडे पडले होते. मागचं दार किंचित उघडलं असतं तरी संपलं असतं सगळं.

मी फुटपाथवर बसकण मारली. मिरचीवाली म्हणाली, ‘काय झालं काका? चक्कर आली काय?’ मी म्हटलं, ‘दोस्त अडकलाय आत.’ तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी आणून दिलं. भली बाई.

टॅक्सीने गिरगावला गेलो, कॅमेरा रुमालात गुंडाळून मांडीवर. ही म्हणाली, ‘बाथरूमच्या खिडकीला आईची गोधडी लावू?’ मग गोधडी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि भर दुपारी आत काळोख केला. तुझ्या कॅमेऱ्याचं दार मी हातानेच चाचपून उघडलं. फिल्मची कड बोटांना लागली तेव्हा माझे हात इतके घामेजले होते की ते शर्टाला पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. धुवायच्या टाकीतल्या चक्रीवर ती चढेना. एकदा अडकली. दुसऱ्यांदा अडकली. बाहेरून ही म्हणाली, ‘घाई करू नका, कोणी मागे लागलेलं नाही.’ तिसऱ्यांदा सरळ गेली. टाकीचं झाकण लावलं आणि दार उघडलं तर डोळे दिपले.

मग औषधं. ही घड्याळ घेऊन दारात उभी, ‘आता हलवा... आता थांबा’, शाळेतल्या बाईंसारखी. शेवटी फिल्म बाहेर काढली आणि पाणी निथळत उजेडात धरली.

पहिले दहा ठार काळे. जळालेले. मी स्टुलावर बसलो. अकरावाही काळा. मग बारावा थोडा उघडला, त्यात ओंडके दिसले. तेराव्यात तुझा नुसता खांदा. आणि चौदावा.

चौदाव्यात तू होतास. निगेटिव्हमध्ये तुझे पांढरे केस काळेभोर दिसत होते, त्यामुळे दादरच्या स्टुडिओतला वाटलास. तोंड उघडं, डोळे बारीक, मान मागे. मला तो क्षण आठवला. मी डोळा उघडून तसाच बटणाकडे बोट नेत होतो आणि तू ओरडलास, ‘अरे गाढवा, मिट ना आधी!’ आणि स्वतःच्याच ओरडण्यावर फुटलास. मी मिटलं आणि दाबलं. म्हणजे तेवढं एकच काम मी वेळेवर केलं होतं.

दारातून ही विचारत होती, ‘आलं का काही?’ मी फिल्मवरून नजर काढेना. तिला वाटलं, गेलं सगळं. म्हणाली, ‘जाऊ दे हो, मोबाईलमधला लावतील.’ तेव्हा मी ओरडलो, ‘आला! अगं आला!’ आणि ओल्या बाथरूममध्ये नाचलो, मिलिंद, या वयात, या गुडघ्यांनी. ही आधी घाबरली, मग फिल्म बघून तीही रडत हसायला लागली. लालबागचे सगळे आले होते. मिरच्या निवडणारी बाई तर अशी आली होती की तूही दोन मिनिटं गप्प बसला असतास. सदतिसावा अर्धाच आला, मिरच्या आहेत आणि पुढे काही नाही. तू त्याला सदतीस मानणार नाहीस. साडेछत्तीस म्हण.

शनिवारी दादरच्या लॅबमधून मोठी प्रिंट काढून घेतली. रविवारी विहारात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या. वहिनींच्या हातात फोटो दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि वाकून बघितला. मग विचारलं, ‘कोणाला हसतायत हे?’

‘मला,’ मी म्हटलं. ‘मी लेन्स मिटायला विसरत होतो.’

‘गाढव म्हणाले असतील.’

‘तेच म्हणाला.’

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या, आणि मग त्यांनी स्वतःच तो फोटो फुलांमध्ये नीट सरळ करून ठेवला.

त्रिसरण-पंचशील झालं. दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी कॅमेऱ्यांचं काही बोललो नाही. लालबागच्या लग्नातला, खुर्च्यांशेजारी जिलबी खाणारा बाप सांगितला, आणि सांगितलं की तो फोटो मिलिंदने काढला होता, लोक माझा समजले आणि मी त्यांना समजू दिलं. सांगितलं सगळं. इतक्या वर्षांत हे तुझ्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं, त्याची माफी मागतो. तो विषय तू कधी काढला नाहीस, त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला अजून समजत नाही.

मग माणसं फुलं घेऊन एकेक पुढे यायला लागली. आणि मिलिंद, मी जे बघितलं ते तुला दाखवायला पाहिजे होतं. प्रत्येक जण खाली मान घालून, जड चेहऱ्याने येत होता. फूल ठेवायला वाकत होता आणि वर बघत होता. आणि वर बघितलं की थांबत होता. तोंडाचा कोपरा हलायचा, मग गाल, मग सगळा चेहरा सैल पडायचा. तुझ्या गल्लीतली म्हातारी माणसं, तुझ्याकडे शिकायला येणारी पोरं, कोणी डोळे पुसत, पण सगळे हसत होते. मागची रांग थांबली तरी पुढचा हलत नव्हता. वहिनी एका बाजूला उभ्या राहून त्यांचे चेहरे बघत होत्या, एकेक करून, जणू प्रत्येक जण तुझं काहीतरी त्यांना परत आणून देत होता.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून फोटो अगदी जवळून बघितला. मागे वळून त्यांनी विचारलं, ‘कोणी काढलाय हो हा?’

मी रांग मोडून दोन पावलं पुढे झालो आणि विहारात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, ‘मी काढला.’